नावे ठेवणे आणि नाव घेणे

(अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : मत्तय ५:२१-२४, मत्तय १५:२१-२८, योहान ८:४८-४९, प्रेषितांची कृत्ये ११:१९-२६, १ करिंथ ८, १ पेत्र ४:१२-१६. पाठ वाचण्यापूर्वी हे भाग वाचून घ्यावेत.

मराठीत बाळाला नाव ठेवतात आणि माणसाला नावे ठेवतात. एकवचनाचे अनेकवचन झाले की आशीर्वादाची निंदा होते. ज्याने कोणी भाषेत ही जोडी बसवली त्याला माणसाचा स्वभाव चांगला ठाऊक असला पाहिजे.

या पाठात दोन प्रश्न घ्यावयाचे आहेत. पहिला असा : एखादा शब्द दुसऱ्याच्या मनाला लागला, परंतु बोलणाऱ्याचा दुखवण्याचा हेतू नव्हता, तर त्याच्याकडे दोष येतो काय? दुसरा असा : ज्या शब्दाने एखाद्या समाजाची हेटाळणी झाली तोच शब्द त्या समाजाने आपण होऊन स्वतःचे नाव म्हणून घेतला, तर तो शब्द आता सर्वांना मोकळा झाला काय? तरुण संघांच्या बैठकीत हे प्रश्न वरचेवर निघतात आणि वडीलधारी माणसे बहुधा "शब्दाने काय अंगाला भोके पडतात?" असे म्हणून ते बाजूला सारतात. पवित्र शास्त्र ते बाजूला सारीत नाही.

हेतूची सबब

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू मनुष्यवधाच्या आज्ञेपाशी थांबतो आणि तेथून थेट शिव्यांवर येतो. मत्तयाच्या ग्रीक शुभवर्तमानात त्या ठिकाणी 'राका' हा अरामी शब्द तसाच ठेवलेला आहे. त्याचा अर्थ रिकामा, पोकळ, बिनडोक. आज बेळगावच्या किंवा इंदूरच्या रस्त्यात कोणी आपल्याला 'राका' म्हणून हाक मारली तर आपण मागे वळूनही पाहणार नाही. म्हणजे त्या दोन अक्षरांत विष नव्हते. विष होते ते त्या गावातल्या, त्या काळच्या, त्या दोन माणसांमधल्या नात्यात. "हा शब्द मुळात वाईट नाहीच, कोशात पाहा" असा युक्तिवाद आपल्याकडे फार चालतो. कोश शब्दाचा अर्थ सांगतो. तो कोणी, कोणाला, कोणत्या अंगणात उभे राहून म्हटला, हे कोशात लिहिलेले नसते.

आता या भागाची रचना पाहा. २२ व्या वचनात प्रभू बोलणाऱ्याच्या अंतःकरणापासून, म्हणजे रागापासून, आरंभ करतो. तेव्हा हेतूला त्याच्या लेखी महत्त्व आहे यात शंका नाही. परंतु २३ व्या वचनात दिशा एकदम फिरते. वेदीजवळ अर्पण घेऊन उभा असलेल्या माणसाला आठवण होते, ती कशाची? आपल्या मनात भावाविषयी काय आहे याची नव्हे, तर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काय आहे याची. तू ते मुद्दाम केलेस की नकळत, असा प्रश्नच तेथे येत नाही. अर्पण तेथेच ठेवावयाचे आणि आधी त्याच्याकडे जावयाचे. मी मनात निर्दोष आहे, असे त्या माणसाला वाटत असेलही. तरी जाणे त्यालाच आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात याच प्रश्नाला एक फार बोलके उदाहरण दिले आहे. अनुवादाच्या १९ व्या अध्यायात दोन शेजारी रानात लाकडे तोडावयास जातात. एकाची कुऱ्हाड दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याला लागून तो मरतो. दोघांत वैर नव्हते. नियमशास्त्र या माणसाला खुनी म्हणत नाही. त्याला शरणपुराची वाट मोकळी ठेवते. मात्र त्याला घरीही बसू देत नाही. त्याने पळून त्या नगरात जावयाचे आणि, गणनेच्या ३५ व्या अध्यायाप्रमाणे, मुख्य याजक मरेपर्यंत तेथेच राहावयाचे. हेतू नव्हता म्हणून शिक्षा निराळी. पण एक माणूस मेला आहे, ही गोष्ट हेतू नव्हता म्हणून खोटी होत नाही. आपण मात्र "माझ्या मनात तसे नव्हते" एवढे म्हटले की कुऱ्हाड परत दांड्यात बसली असे समजतो.

थट्टेची सबब तर याहून जुनी आहे. नीतिसूत्रे २६:१८-१९ येथे शेजाऱ्याला फसवून वर "मी गंमत केली" म्हणणाऱ्याची तुलना जळती कोलिते व बाण फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे. शलमोनाच्या दरबारातही असे विनोदी गृहस्थ असले पाहिजेत.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ज्या प्रभूने भावाला मूर्ख म्हणू नका असे शिकवले त्यानेच मत्तय २३:१७ मध्ये शास्त्री व परूशी यांच्यासाठी तोच ग्रीक शब्द वापरला आहे. मग आपणही वापरावा काय? माझ्या समजुतीप्रमाणे, तो शब्द कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला गेला हे येथे पाहावे लागते. मोशेच्या आसनावर बसून लोकांच्या खांद्यावर जड ओझी लादणारे ते लोक होते, आणि त्यांच्यापुढे उभा असलेला हा गालीलातला, घर नसलेला शिक्षक होता. खालून वर गेलेला शब्द आणि वरून खाली आलेला शब्द एकच असला तरी त्यांचे वजन एक नसते. भाषणांत सापडणारा कठोर शब्द उचलून तो आपल्या हाताखालच्या माणसावर फेकण्याची सोय या अध्यायात नाही.

आपले स्वतःचे नाव

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना फार लांब जाण्याची गरज नाही. आपण आपल्याला ज्या नावाने ओळखतो ते नावच इतरांनी ठेवलेले आहे.

आरंभीचे विश्वासणारे एकमेकांना बंधू, शिष्य, पवित्र जन असे म्हणत. आपल्या पंथाला ते 'मार्ग' म्हणत. 'ख्रिस्ती' हा शब्द साऱ्या नव्या करारात केवळ तीन ठिकाणी येतो, आणि त्यांतील एकाही ठिकाणी विश्वासणारा मनुष्य "मी ख्रिस्ती" असे स्वतःहून म्हणत नाही. प्रे. कृत्ये ११:२६ मध्ये अंत्युखिया येथे शिष्यांना हे नाव मिळाले असे लूक सांगतो. ते यहूद्यांनी दिले असणे संभवत नाही, कारण ख्रिस्त म्हणजे मशीहा, आणि येशू मशीहा नाही हेच तर त्यांचे म्हणणे होते. शब्दाचा शेवट लॅटिन धर्तीचा आहे. हेरोदाच्या पक्षाच्या लोकांना हेरोदी म्हणत, तसे हे 'ख्रिस्ताच्या टोळीतले'. दुसरे स्थळ २६:२८. तेथे अग्रिप्पा राजा भरल्या दरबारात बेड्या घातलेल्या पौलापुढे हा शब्द उच्चारतो, आणि त्याचा सूर आदराचा नाही हे वाचताना कळते.

तिसरे स्थळ १ पेत्र ४:१६, आणि आपल्या विषयाला तेच सर्वांत महत्त्वाचे. आदल्या वचनात खुनी, चोर, दुष्कर्मी अशी यादी आहे, आणि लगेच त्याच्या पाठोपाठ 'ख्रिस्ती'. म्हणजे आरोपपत्रातील ही एक कलमाची बाब होती. ज्या प्रांतांना हे पत्र लिहिले त्यांत बिथुनियाही होता, आणि सुमारे इ. स. ११२ मध्ये त्याच बिथुनियाचा रोमी सुभेदार प्लिनी याने त्राजान बादशहाला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात तो विचारतो की, नुसते हे नाव असणे हाच गुन्हा धरावयाचा, की त्या नावाबरोबर येणारे अपराध सिद्ध करावयाचे? नाव हीच शिवी आणि नाव हाच गुन्हा. अशा नावाविषयी पेत्र सांगतो की त्याची लाज धरू नका, त्या नावानेच देवाचे गौरव करा. पुढे दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्याच अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नाती आपल्या पत्रांत हा शब्द अभिमानाने वापरताना दिसतो. ज्या गावात नाव ठेवले त्याच गावच्या माणसाने ते नाव उचलून छातीवर लावले.

याच्याही मागे आणखी एक नाव आहे. नासरेथ गावाची पत नथनेलाच्या बोलण्यावरून कळते (योहान १:४६). तर्तुल्ल वकील पौलावर आरोप ठेवताना 'नासोऱ्यांचा पंथ' असा शब्द योजतो (प्रे. कृ. २४:५). आणि दिमिष्काच्या वाटेवर शौलाने तू कोण असे विचारले तेव्हा वैभवात असलेला प्रभू स्वतःची ओळख काय देतो? प्रे. कृ. २२:८ उघडून पाहावे. तो आपल्या नावाला गावाचे नाव लावतो, आणि ते नासरेथच.

हे पुढेही चालत आले. ऑक्सफर्ड येथे १७२९ च्या सुमारास वेस्ली बंधू व त्यांचे सोबती ठराविक वेळी प्रार्थना, ठराविक वेळी उपवास, ठराविक वेळी तुरुंगातील कैद्यांची भेट असा नेम पाळीत, म्हणून इतर विद्यार्थी त्यांना 'मेथडिस्ट', म्हणजे 'पद्धतवाले', असे हिणवीत. १७४२ साली जॉन वेस्ली याने मेथडिस्ट कोणाला म्हणावे हे सांगणारी पुस्तिकाच लिहिली. आज बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथील देवळांच्या पाटीवर तो शब्द आहे आणि तो थट्टेचा होता हे कित्येक सभासदांना माहीतही नसेल.

चांगल्या हेतूने दिलेले, पण नाकारलेले नाव

आतापर्यंत आपण वाईट हेतूने दिलेली आणि घेणाऱ्यांनी सन्मानाची केलेली नावे पाहिली. आता याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच देशातले घेऊ, कारण त्यावाचून हा विषय पुरा कळत नाही.

गांधीजींनी अस्पृश्य मानलेल्या समाजासाठी 'हरिजन' हे नाव प्रचारात आणले. गुजरातचे संतकवी नरसी मेहता यांच्या वाणीतला हा शब्द. अर्थ देवाची माणसे. १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक निघाले. हेतूविषयी म्हणाल तर तो दुखवण्याचा नव्हता. तरीही ज्यांना ते नाव दिले त्यांच्यातील पुष्कळांना ते बोचले. आम्ही तेवढे देवाची माणसे, मग बाकीचे कोणाची? आणि आमचे नाव ठेवावयाला आम्हांला कोणी विचारले? १९३८ साली मुंबई कायदेमंडळात एका विधेयकात हे नाव घालण्याचा प्रसंग आला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर गेले. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही नमूद केले की हा शब्द आज तथाकथित वरच्या जातींचे लोक अपमानासाठी वापरतात.

डॉ. आंबेडकरांनी स्वतः कोणते शब्द निवडले हे पाहण्यासारखे आहे. १९२४ ची संस्था 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ चे पाक्षिक 'बहिष्कृत भारत'. गावाने ज्या शब्दाने बाहेर ठेवले तोच शब्द मथळ्यावर छापला. त्यात सौम्यपणा नाही, देवाचे नाव नाही. पण तो त्यांनी स्वतः घेतलेला आहे. 'दलित' या शब्दाचेही तसेच. तो मुळात शिवीचा शब्द नव्हे. दळलेला, तुडवलेला, अशा अवस्थेचे ते वर्णन आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा त्या शब्दाला ताठ कण्याचा अर्थ आला. जानेवारी २०१८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने सरकारी व्यवहारात हा शब्द टाळावा असे सांगितले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने दूरचित्रवाणी वाहिन्यांना 'अनुसूचित जाती' असे म्हणावे असे कळवले, तेव्हा या समाजातील अनेक पुढाऱ्यांनी त्याला विरोध केला. आमच्या संरक्षणासाठी आमचेच नाव आमच्याकडून काढून घेता काय, असा त्यांचा सवाल होता.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. 'ख्रिस्ती' हे नाव हेटाळणीने दिले गेले आणि आपण ते घेतले. 'हरिजन' हे नाव सद्भावनेने दिले गेले आणि ज्यांना दिले त्यांनी ते नाकारले. तेव्हा नाव सन्मानाचे की अपमानाचे, हे देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही. ते ज्याच्यावर पडते तो ते घेतो की नाही, यावरून ठरते.

न्यायालयांनाही हेतूचा प्रश्न सोडवावा लागला आहे. २००८ सालच्या स्वर्णसिंग खटल्यात चामड्याच्या धंद्यावरून पडलेल्या एका उत्तरेकडील जातिनामाचा विषय होता. हे तर जातीचे नाव, कागदोपत्रीही असते, मग त्यात अपमान कसला, असा बचाव होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शब्दाचा मूळ अर्थ नव्हे, आज लोकांत तो कशा अर्थाने चालतो हे पाहिले पाहिजे. आणि अपमानाचा हेतू होता की नाही हे तो ज्या संदर्भात उच्चारला गेला त्यावरून ठरेल. कायद्याला शिक्षा द्यावयाची असते, म्हणून त्याला हेतू शोधावाच लागतो. मंडळीचे काम तेथे संपत नाही, कारण मंडळीला शिक्षा द्यावयाची नसून भाऊ परत मिळवावयाचा असतो.

आपल्या बाकांवर

हे सर्व आपल्या मंडळ्यांच्या बाहेरचे आहे असे कोणी समजू नये. एका मंडळीत, गाव सांगण्याचे कारण नाही, पंच निवडावयाचे होते. एका तरुण शिक्षकाचे नाव पुढे आले. तेव्हा एक वृद्ध सभासद सहज म्हणाले, "वाड्याकडचा एखादा घ्यायला काही हरकत नाही." वाडा कोणता हे सर्वांना कळले. त्या शिक्षकांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्याला साठ वर्षे होऊन गेली होती. घर दुसऱ्या पेठेत होते. पुढची तीन प्रभुभोजने ते कुटुंब आले नाही. पाळकसाहेबांनी विचारले तेव्हा वृद्ध गृहस्थ म्हणाले, "मी तर त्यांच्या बाजूनेच बोललो. माझ्या मनात काही नव्हते." ते खरे बोलत होते असेच मला वाटते. तरीही 'हरकत नाही' या दोन शब्दांत हरकत घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे हेही सांगितले गेले होते, आणि ते त्यांच्या कानाला ऐकू आले नव्हते. पाळकसाहेबांनी कोणाचे बरोबर याचा निकाल दिला नाही. मत्तय ५:२३ उघडून त्यांच्यापुढे ठेवले. दोन आठवड्यांनी ते काठी टेकत त्या घरी गेले, दारात उभे राहून म्हणाले, "गुरुजी, येऊ का?" शिक्षकांनी "या ना, आजोबा" म्हणून खुर्ची दिली. चहा झाला. क्षमा हा शब्द कोणी उच्चारला नाही. पुढच्या रविवारी कुटुंब उपासनेस होते. मात्र पूर्वीच्या जागी नव्हे, मागच्या बाकावर.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक नावे असलेल्या वस्त्यांची ती नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पाटी शासन बदलू शकते. निवडणुकीच्या सभेत तोंडून काय निघते हे ज्याचे त्यालाच पाहावे लागते. आणि एक गोष्ट येथे विसरता येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. म्हणजे बाप्तिस्म्याबरोबर कायद्याच्या कागदावरून जात गेली, पण गावाच्या तोंडातून आणि, दुःखाने लिहावे लागते, मंडळीच्या तोंडातूनही ती गेली नाही. अशा माणसाला न्यायालयाचे दार अर्धे बंद आहे. त्याने कोणाकडे जावे?

उलट बाजूने, आपल्याला ठेवलेली नावेही आहेत. 'बाटगा' हा त्यांतील सर्वांत कडू शब्द. विहिरीत पाव टाकला आणि सारे गाव बाटले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तिच्यातला खरा दंश असा की, माणसाला मन असते, तो विचार करतो, शोधतो, निवडतो, हेच ती नाकारते. १८५४ साली बेळगावात बाप्तिस्मा घेणारे बाबा पदमनजी काय, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक काय, वाचून, वाद करून, मनाशी झगडून निर्णयास आलेली ही माणसे. आणि शब्द मात्र असा की जणू ताकात माशी पडली. गोवेकरांना मुंबईत 'माकापाव' म्हणून चिडवीत, तेही याच जातीचे. 'किरिस्ताव' या शब्दाची गंमत मात्र निराळी आहे. गोव्यात कोंकणी बोलणारा ख्रिस्ती मनुष्य 'हांव किरिस्तांव' असे अगदी सहज सांगतो, ते त्याचे घरचे नाव आहे. तोच पोर्तुगीज मुळाचा शब्द घाट चढून वर आला की बोलणाऱ्याच्या ओठाचा कोपरा किंचित वळतो. शब्द तोच, फक्त उंबरठा बदलला.

कनानी बाईचे उत्तर

मत्तय १५ मधील कनानी बाईची गोष्ट या पाठात टाळता आली असती तर काही वाचकांना बरे वाटले असते. मुलांचे अन्न कुत्र्यांना घालणे बरे नाही, या अर्थाचे शब्द प्रभूच्या मुखातून येतात. कित्येक टीकाकार लगेच सांगतात की मूळ शब्दाचा अर्थ घरातली लहान कुत्री, पिले असा आहे, म्हणून तो प्रेमळ आहे. व्याकरण बरोबर आहे. पण कुत्र्याचे पिलू म्हटल्याने कोणाचा मान वाढत नाही. तो यहूदी समाजाचा परराष्ट्रीयांविषयीचा नेहमीचा शब्द होता. शिष्यांनी तर तिला घालवून द्या असे आधीच म्हटले होते. प्रभूने तो शब्द मोठ्याने उच्चारला तो तिची श्रद्धा पाहण्यासाठी की शिष्यांच्या मनातले त्यांच्याच कानावर घालण्यासाठी, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला दुसरे कारण अधिक पटते.

आपल्या प्रश्नाला महत्त्वाचे आहे ते तिचे उत्तर. ती शब्द नाकारीत नाही, रडत परत जात नाही, उलट शिवीही देत नाही. तोच शब्द हातात घेऊन ती त्याच्यातूनच आपला हक्क काढते : कुत्री असली तरी मेजाखालची आहेत, घरातली आहेत, आणि तुकडा त्यांनाही मिळतो. प्रभू तिच्या विश्वासाला थोर म्हणतो आणि तिची मुलगी बरी होते. आता सांगा, त्या दिवसापासून पेत्राला किंवा योहानाला सोर-सिदोनच्या बायकांना कुत्री म्हणण्याची मुभा मिळाली काय? ती तिची पाळी होती, तिचे तोंड होते, तिच्या मुलीचे दुखणे होते. दुसऱ्याने तो शब्द उचलला तर तो पुन्हा शिवीच होतो.

म्हणूनच आपल्या तरुणांपैकी दोघे मित्र, दोघेही आपल्यातलेच, एकमेकांना "काय रे बाटग्या" म्हणून गळ्यात हात टाकतात, तेव्हा त्यांना लगेच शिस्तीखाली आणण्याची घाई करू नये. दंश काढलेल्या सापाशी खेळण्याचा तो प्रकार आहे आणि त्यात धैर्यही आहे. पण वर्गातला तिसरा मुलगा, बाहेरचा, तेच म्हणून "ते म्हणतात मग मी का नको?" असे विचारील, तर उत्तर सोपे आहे. घाव त्यांच्या अंगावर आहे. घावावरची खपली ज्याची त्याने काढावी.

आपल्यातल्या आपल्यातही एक मर्यादा राहते. करिंथच्या मंडळीतील शहाणे म्हणत होते की मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग नैवेद्याचे मांस खाल्ले तर काय बिघडले? आजचे शहाणे म्हणतात की शब्द म्हणजे नुसता ध्वनी, मग उच्चारला तर काय बिघडले? पौलाने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले नाही. मूर्ती काही नाही हे त्यालाही मान्य होते. पण तेथेच बाकावर असा एक भाऊ बसला होता ज्याने त्या देवळात आयुष्य घालवले होते आणि ज्याला ते मांस अजून नुसते मांस वाटत नव्हते. त्याच्यासाठी मी जन्मभर मांस खाणार नाही, येथवर पौल जातो. विशीतल्या मुलाला 'बाटगा' हा विनोद वाटतो. त्याच खोलीत बसलेल्या त्याच्या आजीला तो शब्द पाणवठ्यावर ऐकावा लागलेला असतो, घडा रिकामा परत आणावा लागलेला असतो. तिच्या देखत तो शब्द नको. तिने स्वतःच एखाद्या दिवशी हसून उच्चारला तर गोष्ट वेगळी.

शेवटी योहान ८:४८-४९ कडे लक्ष द्यावे. यहूदी प्रभूला एका दमात दोन शिव्या देतात : तू शोमरोनी आहेस आणि तुला भूत लागले आहे. प्रभू दुसरी नाकारतो. पहिलीला तो उत्तरच देत नाही. तो शोमरोनी नव्हता. तसे म्हणणे सोपे होते आणि खरेही होते. परंतु "छे, मी त्यांच्यातला नव्हे" असे म्हणताच सूखार गावच्या त्या विहिरीवरच्या बाईला आणि तिच्या साऱ्या गावाला ती शिवी कायमची चिकटली असती. आपल्याला कोणी चुकून दुसऱ्या जातीच्या नावाने हाक मारली तर आपण किती घाईने दुरुस्ती करतो, हे आठवून पाहावे.

संघाच्या पुढील बैठकीत लूक १०:२५-३७ हा भाग तिघांनी मिळून मोठ्याने वाचावा : एकाने निवेदन, एकाने प्रभूचे बोलणे, एकाने शास्त्र्याचे. तिघांपैकी शेजारी कोण झाला असे प्रभू विचारतो तेव्हा शास्त्र्याचे उत्तर बरोबर आहे. पण एक शब्द तो उच्चारीत नाही, ज्याने दया केली तो, असे लांबून सांगतो. तो शब्द त्याच्या जिभेवर का आला नाही, आणि प्रभूने गोष्टीत तो मुद्दाम का घातला, यावर बैठकीत बोलावे.